दाजींनी आठ दिवस बीट खाल्लं नव्हतं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझं मशीन फिरत होतं. मी पुण्यात एका संशोधनाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. गावाकडं सगळे मला सायंटिस्ट समजतात, ते सोडा. माझं काम म्हणजे लोकांची लघवी नळ्यांमध्ये भरायची, समोरासमोरच्या नळ्यांचं वजन काट्यावर तंतोतंत सारखं करायचं आणि त्या प्रचंड वेगानं फिरवायच्या. सकाळचे साडेदहा झाले असतील. फोन भाचीचा, प्रणालीचा होता. "मामा, पप्पा गेले," एवढंच म्हणाली आणि मागून ताईचा आवाज ऐकू आला, म्हणजे ऐकू येऊ नये असा आवाज. मशीनची अजून चाळीस मिनिटं बाकी होती. ते मधेच थांबवता येतं, एक बटण आहे. मी ते दाबलं नाही. कुणा सहा अनोळखी माणसांचे नमुने वाया जाऊ नयेत म्हणून मी चाळीस मिनिटं तिथं उभा राहिलो, नळ्या काढल्या, पुढचं सगळं नीट केलं, हात धुतले आणि मग शिनोलीला निघालो. दाजी असते तर उलट मलाच ओरडले असते, काम टाकून कशाला पळत आला म्हणून... असं मी मंचर येईपर्यंत स्वतःला समजावत होतो. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावतो.

सुदामराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईचे यजमान. आम्ही मूळचे आळ्याचे, ताई दिली आंबेगाव तालुक्यात शिनोलीला. पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर कसा दिलदार होता, कसा हसतमुख होता, असं लिहायची पद्धत आहे. दाजी हसतमुख वगैरे अजिबात नव्हते. चेहरा कायम आंबट. पण तो आंबट चेहरा न हलवता ते असं काही बोलायचे की समोरचा हसून हसून खाली बसायचा. तसे किस्से सांगायचे तर पान पुरायचं नाही, आणि किस्से सांगायला मी हे लिहीतही नाही. मला ताईला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. त्यातली एक तिला आधीपासून माहीत होती. दुसरी सांगायला मी दाजी गेल्यावर दोनदा शिनोलीला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत फिरलो. ती ऐकल्यावर ताई माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडून तोंडावर होत नाही म्हणून इथं लिहितोय. भित्रा माणूस लिहितो, दुसरं काय.

बीटापासून सुरुवात करायला पाहिजे. दाजींच्या कालव्याखालच्या दोन एकरांत थंडीच्या दिवसांत बीट असायचं. बीट काढायला आलं की आठ-दहा दिवस घरात दुसरं बोलणं नसे. उपटायचं, पाला कापायचा, हौदात धुवायचं, पिशव्या भरायच्या. बायकांचे हात कोपरापर्यंत लाल. आणि पहिल्या दिवशी पहिलं बीट दाजी बांधावरच विळ्यानं कापायचे, आतल्या कड्या नीट आहेत का बघायचे आणि मीठ लावून सगळ्यांना एकेक फोड द्यायचे. मग आठवडाभर जेवणात बीटच. कोशिंबीर बीटाची, भाजी बीटाची, थालीपिठात बीट. ज्या घरांत बीट असतं त्यांना पुढचं सांगायला नको, ज्यांच्यात नसतं त्यांच्यासाठी सांगतो... इतकं बीट खाल्लं की लघवी लाल होते. सगळ्यांची होत नाही, पण बऱ्याच जणांची होते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. ताईच्या सासरी तर ती वर्षाची ठरलेली गंमत होती. कुणी नवा माणूस कामाला आला, की त्याला मुद्दाम कुणी काही सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढराफटक पडून बांधावरून येताना दिसला की सगळे खुरपी टाकून हसायचे.

मी अकरावीत असताना तसाच आलो होतो पांढराफटक पडून. ताईचं लग्न होऊन वर्ष झालेलं, मी सुट्टीला शिनोलीला गेलेलो. भावकीतल्या कुणालाच सांगायची लाज, ताईला तर कसं सांगणार? दाजी हौदावर बीट धूत होते. त्यांच्या जवळ जाऊन कसाबसा म्हणालो, "दाजी, मला रक्त जातंय." त्यांनी तोंड अजिबात न हलवता विचारलं, "किती खाल्लं काल?" मी म्हटलं, काय किती? "बीट हो, पावणं!" आणि मग ओरडून सगळ्या रानाला सांगितलं, "मंदे, तुझा भाव आता आपल्या घरचा झाला गं!" मी आठ दिवस कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती. पण तेव्हापासून त्यांचं माझं जमलं ते कायमचं.

आता गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. शाळा-कॉलेज, नोकरी, लग्न सगळं उरकून मी आता चाळिशी ओलांडलेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दाजींचा फोन आला. ते सहसा फोन करत नसत, ताई करायची आणि ते मागून खोकायचे. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाले, "पावणं, एक इचारायचं व्हतं. लघवीला लाल व्हतंय." मी विचारलं, दुखतंय का? "दुखत बिखत नाय काय. दोन-तीनदा झालं." बीट चालू आहे ना? "चालू हाय की. पण औंदा जरा वेगळंच वाटतंय. बीटाचं असं गाठी-गाठीनं येत नाय." आणि मी... मला वाटलं, इतक्या वर्षांनी सूड घ्यायची वेळ आली. मी त्यांच्याच आवाजात ओरडलो, "दाजी, तुम्ही आता आमच्या घरचे झालात!" मग ते हसले. दाजी फोनवर हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. "आसंल, आसंल," म्हणाले. "तुमी म्हणताय म्हणल्यावर बीटच आसंल." मी म्हटलं, बीट जरा कमी खा. एवढं सांगून डबा धुवायला गेलो.

मी कुठं काम करतो आणि कशावर काम करतो, ते आता नीट सांगतो, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला कळेल. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी सतत बाहेर बारीक बारीक पिशव्या टाकत असते. त्यांना एक्झोसोम म्हणतात. इतक्या बारीक, की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. पेशीच्या आत जे चाललेलं असतं, त्यातलं थोडं थोडं त्या पिशवीत असतं आणि एक पेशी दुसरीला त्यातून निरोप पाठवते. कॅन्सरची पेशीही पाठवते, किंबहुना जास्तच पाठवते. मूत्रपिंडात गाठ असेल तर तिच्या पिशव्या रक्तात उतरतात, लघवीत उतरतात. मूत्रपिंडाचा कॅन्सर हा मोठा लबाड आजार, लवकर दुखत नाही, खुपत नाही. म्हणून गाठ बारीक असतानाच, रक्त दिसायच्या आधीच, नुसत्या लघवीतल्या पिशव्या वाचून तो ओळखता येईल का, हे आमच्या प्रयोगशाळेत शोधतात. अजून ते शोधणंच आहे, दवाखान्यात जाऊन करून घेता येईल अशी तपासणी नाही. तर अशा ठिकाणी मी अकरा वर्षं रोज हातमोजे घालून बसतो. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये न दुखता लाल लघवी होते, हे माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेलं आहे. आणि माझ्या सख्ख्या दाजींनी मला फोन करून नेमकं तेच सांगितलं, तेव्हा मी चेष्टा केली.

फेब्रुवारीत बीट संपलं आणि लाल व्हायचंही थांबलं. हा आजार असाच येतो-जातो, पण तेव्हा ते माझ्या म्हणण्याला शिक्का मारल्यासारखं झालं. दाजींनीच पुढं सांगितलं, "थांबलं बरं का, पावणं." मी म्हटलं, बघा, म्हटलो नव्हतो? त्या उन्हाळ्यात ते बारीक झाले, सगळे म्हणाले कामानं. डाव्या कुशीत धरल्यासारखं व्हायला लागलं, सगळे म्हणाले पिशव्या उचलून. दिवाळीत पुन्हा लाल झालं, भरपूर. तेव्हा रानात कांद्याची रोपं होती. घरात काय, अख्ख्या शिवारात बीटाचा एक कंद नव्हता.

मंचरला सोनोग्राफी झाली, मग पुण्यात मोठं स्कॅनिंग. डाव्या मूत्रपिंडावर मुठीएवढी गाठ आणि दोन्ही फुफ्फुसांत ठिपके. डॉक्टर भले गृहस्थ होते, घाई न करता सगळं समजावून सांगितलं. आता कापून उपयोग नाही, गोळ्या देऊ, त्यानं काही महिने आवरेल. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "लघवीतून रक्त पहिल्यांदा कधी गेलं?" मी शेजारीच बसलो होतो. ताई पलीकडं. दाजींनी माझ्याकडं बघितलं... त्या बघण्यात राग नव्हता, मला तो चालला असता. मग डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "आत्ताच की, दिवाळीला." डॉक्टरांनी लिहिलं, एक महिना. मी तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता आणि मी त्याला खोटं बोलू दिलं. जानेवारीत तपासलं असतं तर गाठ मूत्रपिंडातच सापडली असती का? डॉक्टरांना मी ते कधीच विचारलं नाही. ते "हो" म्हणाले असते तर काय करायचं होतं?

बाहेर आल्यावर बाकावर बसून दाजींनी माझ्या कामाची चौकशी केली. कधी नव्हे ती. मी त्यांना पिशव्यांचं सगळं सांगितलं. त्यांना एका झटक्यात कळलं. "म्हंजी मंचरला आडत्या कसा, पिशवीला लागलेली माती बघून सांगतो ह्यो माल कुणाच्या रानातला, तसंच ना?" मी म्हटलं, अगदी तसंच. अकरा वर्षांत याच्याहून चांगलं मला कुणी सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, "आन त्या पिशव्यांत आवशद भरून पाठवता येत नाय का, उलटं?" त्यावरही काम चालू आहे, दाजी. "मग?" मी रिपोर्ट पुन्हा पाकिटात घालायला लागलो. "उंदरावर आसंल आजून," ते स्वतःच म्हणाले. "आमी उंदराच्या बी मागं. बरं, न्हाई तर न्हाई. मग माझी लघवी तरी घ्या की तुमच्या कामाला. पुढच्याला तर उपेग व्हईल."

तसे नमुने आम्ही घेतच होतो, पण गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा आणि सकाळचा पहिला पाहिजे. मी त्यांना निर्जंतुक बाटली दिली, फॉर्म दिला, आणि जवळच्या दवाखान्यातून देता येईल असं सांगितलं. पण दाजी कुणाचं ऐकायचे? गोळ्या चालू होण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पाचला उठून त्यांनी बाटली भरली, गावातल्या डेअरीवरून बर्फ मागून आणला, बाटली बर्फाच्या बादलीत घातली, वरून पोतं बांधलं आणि ती बादली मांडीवर घेऊन एसटीनं शिनोलीहून थेट पुण्याला आले. शेजारच्या बाईनं विचारलं, बादलीत काय आहे हो. हे आंबट चेहऱ्यानं म्हणाले, "लस हाय." मग ती बाई राजगुरुनगरपर्यंत सरकून बसली. हे मला गेटवर सांगताना ते जरा खुलले होते. मग पोतं सोडलं, बाटली काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आठ दिस बीटाला हात लावला नाय, पावणं. तुमच्या तपासाला घोटाळा नको."

बाटली लाल होती. नुसती लालसर नाही, बीटाच्या पाण्यासारखीच लाल.

आत मॅडमना दाखवली. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, कडक पण सरळ बाई. त्यांनी बाटली उजेडाकडं धरली आणि मान हलवली. मला नियम माहीत होताच. ज्यात उघड रक्त दिसतं तो नमुना आमच्या उपयोगाचा नसतो. रक्ताच्या पेशीही आपापल्या पिशव्या टाकतात, त्यांची इतकी भर पडते की मूत्रपिंडातल्या कोणत्या आणि रक्तातल्या कोणत्या ते सांगता येत नाही. आणि मुळात ही तपासणी ज्यांना अजून काहीच दिसलेलं नाही त्यांच्यासाठी. "सॉरी विलास," मॅडम म्हणाल्या, "उद्या परत आणायला सांग, साफ असेल तर घेऊ." उद्यापासून गोळ्या सुरू होत्या. तरीही मी बाहेर जाऊन खरं सांगू शकलो असतो. बाहेर दाजी झाडाखाली रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. मला बघून उभे राहिले. निकाल ऐकायला पोरं उभी राहतात तसे. "घेतला ना?"

मी म्हटलं, "घेतला, दाजी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ते म्हणाले कुठं ठेवता, दाखवा की. मग मी परवानगी काढून त्यांना फ्रीजरपर्यंत नेलं. उणे ऐंशीचा फ्रीजर, दार उघडलं की आतून पांढरी वाफ बाहेर लोटते. मी कुणाचा तरी डबा ओढून दाखवला, म्हटलं इथं तुमचा. किती वर्षं राहतो? राहतो बरीच वर्षं. त्यांनी टोपी काढली आणि त्या वाफेकडं बघून हात जोडले. मग आम्ही कँटीनला चहा घेतला, मी त्यांना स्टँडवर सोडलं. परत येऊन त्यांच्या बाटलीत ब्लीच ओतलं. लाल रंग गेला, मातकट झालं, मग तेही गेलं. नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबून मी ते सिंकमध्ये ओतलं आणि नळ सोडला.

गोळ्यांनी पहिले चार-पाच महिने खरंच आवरलं. पण तळपाय सोलले. रानात कधी चप्पल न घातलेला माणूस, घरात जाड मोजे घालून बसायला लागला. केस पांढरेशुभ्र झाले, तोंड आलं, तिखट बंद. येईल त्याला मात्र ते एकच सांगायचे. शेजारचे, भावकीतले, ग्रामपंचायतीतले, कुणीही येऊ दे. "मी चाललो तरी माझं पुण्यात ठेवलेलं हाय. उणे ऐंशीत. त्याच्यावरनं पुढं शोध लागणार हाय." ताई शेजारी बसून मान हलवायची. तिचा चेहरा त्या बोलण्यापुरता उजळायचा आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचो.

मे महिन्यात गोळ्या लागू पडायच्या थांबल्या. त्याचंही कारण मला ठाऊक होतं, नको तेवढं ठाऊक होतं. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी त्याच पिशव्यांतून शेजारच्या पेशींना शिकवतात, असे पुरावे सापडलेत. माझ्याच टेबलावर तसले पेपर पडलेले असतात. दाजींच्या अंगात त्या क्षणी कोण कुणाला काय निरोप धाडतंय, हे मी चित्र काढून सांगू शकलो असतो. थांबवू काहीच शकलो नसतो. दुसरी औषधं झाली, सलाइनमधली झाली, त्यानं नुसताच ताप आला. शेवटी ताईच्या हट्टानं मी स्वतः गाडी काढून त्यांना जुन्नरवरून वर घाटघरला घेऊन गेलो, तिथं एक म्हातारे झाडपाला देतात म्हणून. मी, अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढलेला, त्या पडवीत मांडी घालून बसलो होतो आणि मनातून म्हणत होतो, द्या, काहीही द्या. म्हाताऱ्यानं पुडी बांधली. दाजींनी विचारलं, "ह्यानं व्हईल का, बाबा?" म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. "नाय सांगता येत," म्हणाला. "खोटं कशापायी बोलू?" परतीच्या वाटेला दाजी पुडी हातात धरून बसले होते. मग म्हणाले, "माणूस चोख व्हता." मी गाडी चालवत राहिलो.

शेवटचे वीस दिवस घरीच होते. मी शनिवार-रविवार जायचो. दुखणं फार होतं, मॉर्फिनच्या गोळ्यांनी गुंगी असायची. एका शनिवारी दुपारी शुद्धीत आले, मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, "पावणं, काम सोडू नका." मी काय समजायचं? मी म्हटलं, नाही सोडत. तेच शेवटचं. पुढच्या आठवड्यात मशीन फिरत असताना प्रणालीचा फोन आला.

दहाव्याला घोड नदीवर सगळं उरकलं, पाहुणे पांगले. घरी ताई ओट्यावर बसली होती, मी तिच्या पायाशी पायरीवर. मी सुरुवात केली, "ताई, जानेवारीत दाजींनी मला फोन..." तिनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "म्हाईती हाय मला. मी हितंच व्हते. तू आरडला ते मला बी ऐकू आलं." म्हणजे डॉक्टरांसमोर दाजी खोटं बोलले तेव्हा ही माउलीही गप्प बसली होती. ती म्हणाली, "मी म्हणत व्हते, मंचरला जाऊन येऊ. ते म्हणले, इलास म्हणतोय बीटाचं हाय, त्याच्यापरीस डाक्टर शाणा हाय का?" मग बराच वेळ ती पदराची कड चाळवत बसली. "दिवाळीनंतर मला शपथ घातली त्यांनी. त्याला एका शबदानं बोलायचं नाय. त्याचं कामच ते हाय, हात थरथरंल त्याचा. म्हणून नाय बोलले. पण मला राग नाय आला आसं समजू नकोस. लई आला. तुझं तोंड बघू नये वाटायचं." मी म्हटलं, मग बोल ना आता, मार मला. तिनं मान हलवली. "तू त्यांचं ते ठिवलंस ना जपून. तेवढ्यासाठी बोलते मी तुझ्याशी. न्हाई तर नसते बोलले, इलास. खरं सांगते."

त्या वेळी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "चहा टाकतेस का?"

आता दोन महिने होत आलेत. शिनोलीत लाईटचा काय भरवसा, कधीही जाते. लाईट गेली की ताईचा मला फोन येतो. ती कशी आहे, जेवली का, ते काही नाही. "इलास, तिकडं लाईट हाय ना रं?" आहे, ताई. "मशीन चालू हाय ना? त्यांचं इतळायचं नाय ना?" नाही ताई, जनरेटर आहे, गार आहे. "गार हाय ना... मग ठीक." आणि ठेवून देते. पहिल्यांदा आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबला. गेल्या आठवड्यात तीनदा आला. एकदा तर नुसती पाच मिनिटं गेली होती, तरी आला. प्रणाली सांगते, ती घरात कुणाला दिवा लावायला सांगायच्या आधी मोबाईल शोधते. सगळ्या शिनोलीला ती सांगत असते, आमचे हे पुण्यात आहेत.

ताई, तुला वाचायला चष्मा लागतो आणि तू तो लावत नाहीस, तेव्हा हे तुला प्रणाली वाचून दाखवेल. प्रणाली, मधलं काही गाळू नकोस. ताई, त्या फ्रीजरमध्ये दाजींचं काहीही नाही. कधीच नव्हतं. त्यांनी आठ दिवस बीट सोडून, मांडीवर बादली घेऊन आणलेलं मी त्याच दुपारी माझ्या हातानं ओतून दिलं. उशीर झालेल्याचा नमुना आमच्याकडं घेत नाहीत, आणि उशीर माझ्यामुळं झाला होता, हे त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. तुझ्याही नाही.

शिनोलीत लाईट पुन्हा जाईलच. मी फोन हातात धरून बसलेला असेन. तो वाजला नाही, तर मला कळेल की तुझं वाचून झालं.